फिल्मवरचा दिवा

आणीबाणी उठली त्या सुमारास मी इमारतींची छोटी मॉडेलं बनवायचो. त्यांच्या खिडक्या पारदर्शक फिल्मवर छापून घ्यायला भाईंदरला, मिठागराच्या कडेच्या एका शेडमध्ये जायचो. छापणारा तिथलाच, मिठागरवाल्यांच्या घरातला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तो फिल्मच्या मागच्या बाजूने छापायचा, म्हणजे पुढून काचेची चमक तशीच राहते. त्या दिवशी काळ्या चौकटी छापून वाळल्या, मी हात पुढे केला, तर याने छपाईच्या जाळीची दुसरी स्क्रीन चढवली. तळमजल्याच्या एका खिडकीत त्याला पिवळा ठिपका टाकायचा होता. तो केसभर जरी सरकला असता तरी अख्खी फिल्म वाया गेली असती, आणि मॉडेल सकाळी बिल्डरला द्यायचं होतं.

"हे कुणी सांगितलंय?" मी वैतागलो.

"अंधारं घर कुनाला दाखवू न्हाय, साहेब."

श्वास रोखून त्याने जाळीवरून शाईची रबरी पट्टी एकदाच ओढली. मग फिल्म दारातल्या उजेडात धरली. बाहेर त्यांचं मिठागर होतं, त्याच बिल्डरने घेतलेलं. त्या पांढऱ्या मिठावर फिल्मवरचे सात मजले उभे राहिले.

त्याने फिल्म जराशी डावीकडे सरकवली. दिवा बरोबर मिठागरातल्या त्यांच्या खोपटाच्या दारावर आला.