गिरणी नाई पडली

चिमूरच्या सहकारी बँकेतला तो कारकून टाकाचं निब केसांना पुसायचा आणि महत्त्वाचं वाक्य दोनदा बोलायचा. एकदा मुंबईत गिरण्यांचे शेअर कोसळल्याची बातमी आली. माझेही थोडे होते, ते विकून टाकावेत असं मनात आलं. आता आपली बँकही बुडणार, या भीतीने गाव पैसे काढायला रांगेत उभा राहिला. त्यात मीही होतो. कारकून मला म्हणाला,

"मास्तर, भाव पडला, गिरणी नाई पडली. गिरणी नाई पडली! अन् बँकेचा पैसा धानाच्या कर्जात हाये, शेअरात नाई."

कोणी हलेना. तेव्हा त्याने घरून बायकोला बोलावलं. मोहफुलं विकून साठवलेले पैसे तिने सर्वांसमोर खात्यात भरले.

"काऊन भरून राह्यली, बाई?" कोणीतरी विचारलं.

"घरी ठेवले तं हे बिड्यात उडवतेत!"

कारकुनाचे कान लाल झाले. रांग मात्र हसत हसत पांगली, आणि मीही शेअर विकायचा विचार सोडून शाळेत गेलो.