आप्पांनी खुडलेले शेंडे

आज सकाळी लोबेलियाच्या रोपांचे शेंडे खुडले आणि नकळत बोटं नाकाशी नेली. तंबाखूचा वास नव्हता. तो असणार तरी कसा?

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, बोटांना तो कायम असायचा. निपाणीकडची तंबाखूची शेती सोडून ते माझ्याकडे शहरात, अनगोळला आले, त्या वर्षी मी पहिल्यांदा लोबेलिया, बारीक निळ्या फुलांचं ते बागेतलं रोप, लावला होता, कुंड्यांत आणि दारातल्या वाफ्यात. नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. ऑफिसातून येऊन बघते तर सगळे शेंडे आप्पांच्या ओंजळीत.

"फुलावर आलं की पानाला जोर ऱ्हात न्हाय गं," तंबाखूबद्दल बोलावं तसं ते म्हणाले.

"आप्पा, हे फुलांसाठीच लावलंय."

ते ओंजळीकडे बघत राहिले. मला रडू येत होतं.

महिन्याभरात मात्र एकेका रोपाला कितीतरी फांद्या फुटल्या आणि कुंड्या निळ्या फुलांनी ओसंडल्या. आप्पांना हे ठाऊक होतं, की हातांनी नुसती जुनी सवय चालवली? विचारायला मी जवळ गेले, तर कुंडीवर वाकून त्यांनीच मला विचारलं, "हे कापायला कवा येतंय गं?"

मान खाली होती. हसत होते की नाही, ते दिसलंच नाही.