टेस्टचा रकाना

हातखंब्याजवळच्या आंब्याच्या कारखान्यात चिमा पंचवीस हंगाम पल्प चाखत आली होती. प्रत्येक पिंपातला एक चमचा जिभेवर ठेवायचा, थुंकायचा, चूळ भरायची, की पुढचं पिंप. मे सरत आला की आंबटाने जीभ सोलवटून निघे आणि घरी आमटीभातसुद्धा झोंबे.

यंदा नवा सुपरवायझर सागर याने छापील कागद आणला. त्यावर इंग्रजीत दोन रकाने, Taste आणि Test. "दोन्ही टेस्टच," तो म्हणाला. "पहिला तुमच्या जिभेचा, दुसरा यंत्राचा." चिमाने नुसती मान हलवली, पण एक कागद घरी नेला.

तिची लेक नम्रता रत्नागिरीला कॉलेजात इंग्रजी शिकत होती. ओटीवर पाय पसरून चिमाने कागद पुढे केला. "बघ गो, दोन्ही एकच कसं?"

"एकच नाय, आई. यंत्राचा शब्द मातीच्या मुशीवरून आला. तीत सोनं-चांदी पारखायचे. आणि तुझा चवीचा आहे ना, त्याचा अर्थ पूर्वी हात लावून बघणं, चाचपणं असा होता. जिभेवर तो मागाहून गेला."

"मग शहाणी होती ती माणसं," चिमा म्हणाली. "आंबा आधी हातालाच कळतो." एवढं बोलून तिने भिंतीला डोकं टेकलं आणि तिथेच तिचा डोळा लागला.

दोन दिवसांनी तिच्या जिभेला काहीच लागेना. ना आंबट, ना गोड. कुणाला सांगायची सोय नव्हती. ती चिरायला ठेवलेल्या आंब्यांच्या क्रेटपाशी गेली, एकेक आंबा तळव्यावर तोलू लागली आणि सात बाजूला काढले.

"चिमामावशी, हे तर पास झालेत," सागर म्हणाला.

"हलके लागतायत, साहेब. चिरून बघा."

त्याने चिरले. सहांमध्ये साका होता. कोयीभोवतीचा गर पांढराफटक, आंबूस. पल्पात गेला असता तर अख्खं पिंप नासलं असतं.

"उद्यापासून तुम्ही क्रेटवरच," सागर खूश होऊन म्हणाला. जिभेची सुटका झाली खरी, पण तिथे दिवसभर उभं राहायचं होतं. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आखडल्या.

नम्रता तेल चोळत म्हणाली, "स्टूल माग की."

"हंगाम संपत आला. आता कशाला?"

"माग गो, आई."

दुसऱ्या दिवशी तिने कसंबसं मागितलं. सागरने एक रिकामा क्रेट उपडा घालून दिला. उरलेले नऊ दिवस चिमाने त्यावर बसून काढले.