उपाशी जंतू आणि हिरवे ठिपके

शनिवारी केतकीने आम्हा दोघांना पवईला बोलावलं, तिच्या लॅबमध्ये. म्हणजे अगदी आत नाही हं... आत जंतू असतात. आम्हाला बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसवलं.

आमची लेक घातक जंतू हुडकायचं काम करते. जंतूंना जगायला लोह लागतं. ते पकडून आणायला जंतू एक रेणू बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत ओढतात. केतकी त्याच रेणूला चमकणारा रंग बांधते... ज्या जंतूचा तो रेणू, तोच तो गिळणार आणि तोच चमकणार.

हे काम तिने का धरलं, त्यावर घरात कोणी बोलत नाही. ती कॉलेजात असताना ह्यांच्या पायाची जखम चिघळली. जंतू कुठला ते कळेपर्यंत अंदाजाने औषधं चालू होती... शेवटी अंगठा काढावा लागला. तेव्हापासून हे भर उन्हाळ्यातही बूट घालतात.

पण कित्येक महिने काही चमकेचना. पोरगी नीट जेवेना की बोलेना. मग एकदा माशाची आमटी ओरपताना स्वतःशीच हसायला लागली. चूक सापडली होती!

जंतू वाढवायला हिने चांगलं सकस खाणं दिलं होतं, लोहाने भरलेलं. पोट भरल्यावर ते आमिष कशाला गिळतील? आता आमच्या घरचं वळणच तसं... गॅसवालासुद्धा काही खाल्ल्याशिवाय जात नाही. बाईसाहेबांनी जंतूंचाही पाहुणचार केला! मग त्यांना लोहाचा कडक उपास घडवला.

आणि शनिवारी स्क्रीनवर, काळ्याकुट्ट अंधारात हिरवे ठिपके... झकास! शेजारी साधे, निरुपद्रवी जंतूही होते म्हणे, ते दिसतही नव्हते. मला सरळ रडू फुटलं.

हे मात्र खुर्ची पुढे ओढून बघत बसले. मग एकदम मालवणीत म्हणाले, "ह्योच मेलो जंतू होतो काय गो माझ्या पायात?"

"हो बाबा, याच जातीचा."

"मगे आता गावलो."

अजून सगळं लॅबमधल्या काचेच्या बशीतच आहे, पेशंटपर्यंत पोचायला वर्षं लागतील, असं केतकीने दहादा बजावलंय. पण मुलुंडला परतताना हे रिक्षावाल्याला आपली पोरगी काय करते ते सांगत होते. आणि घराशी उतरल्यावर, त्याला नीट समजावं म्हणून, गेटपाशीच बूट काढून पाय दाखवला.

केतकी, तुझा किती अभिमान वाटतो ते तोंडावर सांगता येत नाही गं... म्हणून इथे लिहिलं.