मथुराची करंगळी

मथुराची उजवी करंगळी हरवली ती शवासनात.

आरोंद्याच्या खाडीकाठी पर्यटकांसाठी आयुर्वेद केंद्र निघालं, तेव्हापासून ती तिथे मालीश करायला जाई. योग शिकवणाऱ्या नीरजाबाई पुण्याच्या. आठवड्यातून एकदा त्या कामकरणींनाही सतरंजीवर आडवं करत आणि मऊ आवाजात सांगत, "आता सगळं लक्ष उजव्या हाताकडे. अंगठा. शेजारचं बोट. मधलं..." मथुराला हे फार आवडे. जन्मभर दुसऱ्यांची अंगं रगडली, तिच्या अंगाची विचारपूस पहिल्यांदाच होत होती. त्या मंगळवारी नीरजाबाई करंगळीपाशी पोचल्या, मथुराचं लक्षही पोचलं, आणि तिथे कोणी नव्हतंच.

तिने डोळे उघडले. बोट जाग्यावर होतं. चिमटा काढून पाहिला, तर दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा.

"मथुराताई, डोळे मिटा. भीती वाटली तर ती नुसती पाहा."

मथुराने पाहिली. ती थेट बाबूसारखी दिसत होती.

बाबू तिच्या माहेरचा, जामसंड्याचा. काजूच्या बागेच्या टोकाला झोपडीत एकटा राही. महारोग. लोक पेज लांब ठेवून मागे फिरत. एकदा त्याने चुलीतला निखारा बोटांनी मागे सारला आणि तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. आठ वर्षांची मथुरा तिथून जी पळाली ती घरात येऊन थांबली.

लग्न होऊन आरोंद्याला आल्यावर सासूने तिला बाळबाळंतिणीचं तेलन्हाण शिकवलं होतं. सासू म्हणे, "आंगठो खोटा सांगता गो, तेका घट्टे पडले आसत. करंगळेक इचार." मथुरा आधी तेलात करंगळी बुडवी, मगच पोर पायांवर घेई. तीस वर्षांत गावातलं एक पोर भाजलं नव्हतं.

त्या मंगळवारनंतर दोनच दिवसांनी भाकरी भाजताना करंगळीवर फोड आला. तिला तो दिसला फुटल्यावर. तिने चिंधी गुंडाळली, केंद्रात कंबर धरल्याचं कळवलं, नीरजाबाईंचा फोन उचलला नाही. पण घरातून कुठे पळणार? लेक अक्षया बाळंतपणाला आलेली, पाळण्यात बारा दिवसांची नात. आज खोकला, उद्या बेंबी पडली नाही, अशा सबबी सांगून मथुरा बाळापासून हातभर लांब राहिली. बेंबी पडली आणि सबबी संपल्या.

"सगळ्या गावाची पोरां रगडलंस," अक्षया तेलाची वाटी आपटत म्हणाली. "माज्या चेडवाक काय काटे आसत?"

"तसा नाय गो..."

"मगे कसा? बस पाटार."

मथुरा बसली, पाय लांब केले. अक्षयाने उघडी नात त्यांवर ठेवली. मथुराने चिंधी सोडून करंगळी वाटीत बुडवली. थंड नाही, गरम नाही. काहीच नाही. उजव्या तळव्यात तेल घेतलं, नातीच्या पोटावर आणलं, आणि तेवढ्यात अंगठा चरचरला. घट्टे पडलेला, खोटारडा अंगठा! तिने हात बाजूला झटकला. तेल तिच्याच मांडीवर सांडलं आणि ती कळवळली.

"आये! बोट घालून बघलंस मा?"

"बघलंय. माका कळाक नाय." मग सगळं बाहेर आलं, शवासन, फोड, बाबू. अक्षया जवळ सरकली तशी ती ओरडली, "शिवा नको माका! चेडवाक घेवन भायर जा!"

अक्षयाने नात पाळण्यात ठेवली. परत येऊन आईचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. मथुराने ओढला, तिने सोडला नाही. "उद्या दवाखान्यात जावया," एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. अक्षयाने त्यांना बाबूचंही सांगितलं. "मावशी, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा. अंगठा?"

"व्हय."

"शेजारचं बोट? मधलं?"

"व्हय. व्हय."

मग कापूस पुढे सरकला असावा. डोक्यावर पंखा घरघरत होता. मथुरा वाट पाहत राहिली.

"उघडा डोळे." बाईंनी तिचं कोपर चाचपलं, हातापाठीवर चट्टे शोधले. "पाठी रगडताना कोपरावर भार देता?"

"पर्यटकांका तसाच होया."

"तिथेच शीर दबली असावी. चट्टा तर दिसत नाही. पण नक्की आत्ता सांगणार नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालयात तपासणी करा, गुरुवारी. आणि ते दुसरं निघालं तरी गोळ्यांनी बरं होतं, मावशी. आता झोपडीत कोणी ठेवत नाही."

गुरुवार, काम, गाव, सगळं मागे सारून तिने एकच विचारलं. "नातीक घेव?"

"घ्या की. तेल तेवढं दुसऱ्या कुणाला पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षयाने वाटीत स्वतःची करंगळी बुडवली. "बरा आसा, आये." नात पायांवर होती, हातपाय झाडत. गुरुवारला अजून दोन दिवस होते. मथुराने डावा हात हळूच नातीच्या छातीवर ठेवला. उजवा स्वतःच्या पाठीमागे होता, मूठ वळलेला.

"दोनय हातांनी गो," अक्षया म्हणाली.