मंडल्याला कोळशाच्या मोटारीने

दिवाळीच्या सुट्टीत जबलपूरला जातो म्हणताच आमच्या शाळेतल्या साऱ्या मास्तरांनी मला वेड्यात काढले. लढाई चालू आहे, गाड्या पलटणीने भरलेल्या, बसायलाच काय उभे राहायलाही जागा मिळायची नाही, असे जो तो सांगू लागला. मला कोणी एखादी गोष्ट करू नको म्हटले की ती केल्याशिवाय चैन पडत नाही. नाशिक रोडला मी खिडकीतून ट्रंक आत लोटली, तिच्यामागून स्वतः शिरलो आणि इटारसीपर्यंत त्याच ट्रंकेवर बसून गेलो. पुढे एका सुभेदाराने पाय आवरून मला बाकाची वीतभर जागा दिली.

जबलपुरात माझी थोरली बहीण, अक्का, दिली आहे. पण अक्का जबलपुरात नव्हती. दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत भाऊजी एकटेच राहत होते. ते तोफांच्या गाड्या बनवणाऱ्या फॅक्टरीत फिटर आहेत. दीड वर्षामागे जपानी विमाने येणार अशी आवई उठली आणि पहिला बॉम्ब या फॅक्टरीच्या गावावरच पडणार असे लोक छातीठोकपणे सांगू लागले. तेव्हा भाऊजींनी अक्काला आणि दीड वर्षाच्या बेबीला मंडल्याला आपल्या थोरल्या भावाकडे पोहोचवले. विमाने आली नाहीत, पण भाऊजींची रजाही आली नाही. बारा-बारा तासांची पाळी, रविवारीसुद्धा काम. मध्ये अक्का एकदा चार दिवस येऊन गेली, तेव्हा बेबीला हिवताप होता म्हणून तिला आणले नव्हते. दीड वर्षात भाऊजींनी पोरीचे तोंड पाहिले नव्हते.

"आता तिले सगळं बोलता येते म्हणे," संध्याकाळी कामावरून आल्यावर ते मला सांगत होते. "तुझ्या अक्काच्या पत्रात असते ना. माझा फोटो दाखवला की बाबा म्हणते."

फार खटपटीने त्यांना येत्या रविवारची एका दिवसाची सुट्टी मिळाली होती. सोमवारी सकाळी भोंग्याला हजर राहायलाच हवे. लढाईच्या कामात गैरहजेरीला माफी नाही. मंडल्याला छोटी रेल्वे जाते, पण नैनपूरला गाडी बदलून एका दिवसात जाऊन परत येणे शक्य नाही. साठ मैलांचा रस्ता आहे आणि त्याला मोटारच हवी. मोटार पाहण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. भाव करण्यात मी कोणाला हार जात नाही, हे मी भाऊजींना दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी आधी सदरमध्ये, म्हणजे छावणीच्या बाजारात गेलो. तिथल्या गॅरेजवाल्याने माझ्या धोतराकडे आणि छत्रीकडे पाहिले आणि सगळ्या गाड्या साहेब लोकांनी महिन्याच्या बोलीवर घेतल्याचे सांगून टाकले. दुसऱ्या एका शेटजींची फोर्ड होती, पण टायर मिळत नाहीत म्हणून ती त्यांनी विटांवर चढवून ठेवली होती. तिसऱ्याकडे गाडीही होती आणि टायरही होते. पेट्रोलचे कूपन तुम्ही आणा म्हणाला. चौथा चोरून पेट्रोल घालायला तयार होता. त्याने सांगितलेला भाडेआकार माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

शेवटी फुहाऱ्याजवळ (गावातल्या मोठ्या कारंज्यापाशी) सुखलाल भेटला. चाळिशीचा, तोंडात पान, बोलणे कमी. त्याची गाडी कोळशाच्या गॅसवर चालणारी. मोटारीच्या मागे बंबासारखी एक उंच शेगडी बसवलेली, तिच्यापासून नळ्या निघून एका जाळीच्या डब्यातून इंजिनापर्यंत गेलेल्या. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! शेगडीत कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवून फिरवून गॅस तयार करायचा, मग गाडी सुरू. वेग बेताचा, चढावर उतरून ढकलावे लागेल, हे त्याने आपण होऊन सांगितले. भाडे मात्र पेट्रोलच्या गाडीच्या निम्म्याहून कमी.

कोणीही शहाणा माणूस इथे हो म्हणाला असता. मी विचारले, "यात कोळसा किती धरला आहे?" त्याने सांगितले. मी म्हणालो, कोळसा आमच्या घरी दोन पोती पडून आहे; तेवढे पैसे कमी कर. त्याने तोंडातले पान थुंकले.

"मास्टरजी, गाड़ी का कोयला अलग होता है."

"कोयला कोयला होता है," मी म्हणालो. भाव उतरला. मी खूश होऊन घरी आलो.

रविवारी पहाटे सुखलाल गाडी घेऊन दीक्षितपुऱ्यात आला. भाऊजी केव्हाचे तयार होते. नवा सदरा, काळी टोपी, खिशात बेबीसाठी घेतलेली चांदीची छुमछुम (लहान पैंजण). सुखलालने आमच्या पोत्यात हात घातला, एक तुकडा मोडून पाहिला आणि नाकाशी नेला. "ये तो चूल्हे का है. अधजला. जाली जाम कर देगा."

भाऊजींनीही एक तुकडा हातात घेतला. लोखंडाशी आणि भट्टीशी त्यांचा जन्म गेलेला. "तो बरोबर म्हणून राहिला," ते मला म्हणाले. "तू काहून जिद्द करून राहिला? घेऊ दे ना त्याचा त्याले."

पण ठरलेला भाव मोडायचा म्हणजे माझी मान खाली. मी म्हणालो, काही होत नाही, चला. भाऊजी पाहुण्याशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते.

अकराला पोहोचायचे, तीनला निघायचे, असा आमचा बेत. मोटारीच्या दिव्यांना बत्तीबंदीसाठी काळा कागद लावलेला. चिरेएवढाच उजेड पडायचा. त्यामुळे परतीचा घाट अंधाराआधी उतरलाच पाहिजे, ही सुखलालची अट होती. म्हणजे भाऊजींना मंडल्यात चार तास मिळणार होते.

बरेल्यापर्यंत छान गेलो. दोन्ही बाजूंना कापणीला आलेले धान, त्यात गोंड बायका वाकून विळे चालवत होत्या. बरेल्यात गरम जिलबी आणि पोहे खाल्ले. पुढे चढण लागली, सागाचे जंगल सुरू झाले आणि गाडी खोकू लागली. मग थांबली. सुखलालने जाळीचा डबा उघडला. आत डांबरासारखा काळा चिकटा. तो त्याने पुसला, झटकला, पुन्हा पंखा फिरवला. वीस मिनिटांनी निघालो, दोन मैलांवर पुन्हा थांबलो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने म्हणतात, त्यातली नऊ-दहा तरी मी त्या घाटात मोजली.

चौथ्या वेळी भाऊजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि सुखलालला बाजूला करून स्वतः जाळी काढली. काथ्याचे थर एकेक सोडवून ते काठीने खरवडू लागले. मी घड्याळ हातात धरून बाजूला उभा होतो आणि किती वाजले ते मधूनमधून सांगत होतो. कोणी विचारत नव्हते. अकरा वाजले तेव्हा आम्ही निम्म्या वाटेवरही नव्हतो. बीजाडांडीला सुखलालने एका ओळखीच्या दुकानातून आपल्या पैशांनी अर्धे पोते चांगला कोळसा घेतला, माझे पोते मागे टाकले, आणि मग कुठे गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

मंडल्यात पोहोचायला दोन वाजले. नर्मदेचे एवढे मोठे वळण, घाटांवरची देवळे, याविषयी मी वहीत टिपण करणार होतो, पण नदी दिसली तेव्हा माझे तिकडे लक्षच नव्हते. घरासमोर गाडी थांबली. ओसरीवर अक्का उभी होती आणि तिच्या पदराला धरून तीन वर्षांची बेबी. अक्का म्हणाली, "बघ, कोण आलं?"

भाऊजी खाली उतरले. टोपीपासून जोड्यांपर्यंत काळे. चेहऱ्यावर घाम आणि काजळी यांचे ओघळ. बेबीने एकदा पाहिले आणि किंचाळून आत पळाली.

"अगं, बाबा आहेत!"

"नाही! बाबा फोटोत आहेत!" आतून उत्तर आले.

भाऊजी हसले. विहिरीवर जाऊन त्यांनी अंग घासले, भावाचा सदरा घातला. पण बेबीची पहिली धास्ती गेली नाही. जेवताना बेबी दाराआडून पाहत होती. त्यांनी पैंजण पुढे केले, तर अक्काच्या हातून घेतले. जवळ बोलावले, तर मागे सरकली. भाऊजींनी पुन्हा बोलावले नाही. "राहू दे," ते अक्काला म्हणाले. "भिवून राहिली ती." त्यांच्या पानातला भात तसाच राहिला होता.

अडीच वाजता सुखलालने शेगडी पेटवली. पंखा फिरवायला भाऊजी आपण होऊन गेले. घरात बसून तरी काय करणार होते? पंखा घरघरू लागला, शेगडीच्या फटीतून ठिणग्या उडू लागल्या. तो आवाज ऐकून बेबी आधी ओसरीवर आली, मग पायरीवर, मग अंगणात. भाऊजींनी मान वर केली नाही. ते नुसते हँडल फिरवत राहिले.

"काय करून राहिले?" तिने विचारले.

"मोटारीचा चहा करून राहिलो."

ती विचारात पडली. "मी करू?"

त्यांनी हँडलवर तिचे दोन्ही हात ठेवले आणि वरून आपला हात धरला. दोघे मिळून फिरवू लागले. मोटार दूध पिते का, रात्री झोपते का, तिची आई कुठे आहे, असे प्रश्न सुरू झाले. भाऊजी प्रत्येकाला नीट, कामाच्या माणसासारखे उत्तर देत होते.

गॅस तयार झाला की नाही ते पाहायला तोटीशी काडी धरतात. ज्योत निळी आणि स्थिर जळली की झाले. सुखलालने काडी लावली. ज्योत निळी होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला स्वच्छ दिसली. तीनला दहा कमी होते. मी घड्याळ काढले. सुखलालने माझ्याकडे पाहिले, तोटी बंद केली आणि भाऊजींना म्हणाला, "अभी कच्ची है, बाबूजी. घुमाते रहिए."

दहा मिनिटांनी त्याने पुन्हा काडी लावली. "अभी कच्ची है."

भाऊजी पंधरा वर्षे भट्टीपाशी काम करतात. ज्योत त्यांनाही दिसत असणार. ते हँडल फिरवत राहिले आणि मी घड्याळ परत खिशात ठेवले. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. कोळसा सुखलालच्या पैशांचा जळत होता, आणि अंधारात घाट उतरायचा तर जीव त्याचाही जाणार होता. शेवटी तोच अवघडून म्हणाला, "अब चलना पड़ेगा."

बेबीने हँडल सोडले नाही. अक्काने तिची बोटे सोडवून तिला उचलले. गाडी हलली तेव्हा ती अक्काला विचारत होती, "आई, हे कोळसेवाले परत कधी येणार?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. भाऊजींकडे पाहायची हिंमत होईना. शेवटी तेच म्हणाले, "ऐकलं ना? परत कधी येणार म्हणे. अच्छा झालं. म्हणजे यावं असं वाटून राहिलं तिले." आणि ते हसले, अगदी मनापासून.

घाटात आम्ही कंदील धरून पुढे पायी चालत गाडी उतरवली. सोमवारी भाऊजी भोंग्याला हजर होते. सुखलालला मी त्याने आधी सांगितलेले सगळे भाडे दिले, बीजाडांडीच्या कोळशाच्या पैशांसह. त्याने ते मोजून घेतले आणि जाळी साफ करण्याचे वेगळे मागितले. ते मी घासाघीस न करता दिले.

जबलपूरहून मंडल्याला जाणाऱ्यांनी कोळशाची मोटार जरूर करावी. स्वस्त पडते आणि माणसे चांगली भेटतात. फक्त गाडीवाल्याचा कोळसा घ्यावा. भाऊजींना मुलीजवळ चार तास मिळायचे होते, दीड तास मिळाला, आणि त्यातलाही अर्धा त्यांचे तोंड धुण्यात आणि तिची भीती जाण्यात गेला. हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण नाशिकच्या गाडीत मी बसेपर्यंत ते मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.