डाव्या रडरची न सुटलेली गाठ

नमस्कार ताई-दादांनो. या ग्रुपवरचे किस्से मी आजवर भाजी निवडता निवडता वाचायची अन् हसायची. माझे बाबा खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत होते, आमच्या घरी भूतबित कोणी मानलंच नाही. पण आता माझी लहानगी लेक पिहू समोर बसून दुधात बिस्किट बुडवून राहिली, अन् ती आज समोर आहे ते कोणामुळं, हेच मले समजून नाही राहिलं... म्हणून लिहून राहिली. आठवीपर्यंतच शिकली मी, तेही हिंदीत. चुका असतील, समजून घ्या.

जबलपूरहून बरगी धरणाच्या पाण्याकडे आलं की काठावर एक लहानसं बोटींचं ठिकाण आहे. आमचे हे तिथं शिडाच्या बोटी जोडून-बांधून पाण्यासाठी तयार करतात. आम्ही तिथल्याच खोलीत राहतो. बोट म्हणजे कॅटामरॅन — दोन बारीक होड्या शेजारी शेजारी, मधात ताणलेली जाळी, तिच्यावर बसायचं. एक मोठं शीड, पुढं एक लहान, त्याले जिब म्हणतात. अन् मागं दोन्हीकडे पाण्यात उतरणारी पाती, ते रडर. त्यानं बोट वळते. रडरले एक दोरी असते, ती पातं खाली धरून ठेवते. पण खाली जमीन लागली तर पातं आपोआप वर उचललं जाते, म्हणजे तुटत नाही.

मंग आमच्या यायचा उजवा हात मोडला, प्लास्टर लागलं. तिथले साहेब, आमचे सरजी, म्हणाले, भोपाळवरून दुसरा माणूस बोलावतो.

मी म्हटलं, "काहून? मी करते ना. हे सांगतील, मी बांधीन."

"भाभी, आपसे होगा?" सरजी हसून राहिले.

"होगा," मी म्हटलं. मले तर पोहताही येत नाही. पण म्हटलं तर म्हटलं.

यायनं शिकवलं अन् मी शिकली. जिब किती ओढायची, दोन्ही रडर एका रेषेत कसे ठेवायचे, सगळं. बोट पण चालवायले लागली काठाकाठानं, लाइफ जॅकेट घालून. फक्त एक बोट त्रास द्यायची. संध्याकाळी तिचे दोन्ही रडर मी खाली करून, दोरी अडकवून ठेवायची, अन् सकाळी पाहावं तर डावं पातं वर. रोज.

"उंदीर असतील," मी म्हटलं.

"हाव, उंदरायले सेलिंग शिकायचं असंल," हे म्हणाले. "अगं, दोरी जुनी झाली. बदलून टाक."

नवी दोरी टाकली. सकाळी पुन्हा वर! मंग मले रागच आला. म्हटलं, थांब, बघतेच तुले. एक जाड दोरी घेतली अन् डाव्या पात्याच्या मानेशी, जिथं ते बारीक असते तिथं, पातं ज्यात बसते त्या खोक्यासकट करकचून बांधली. वर खोकं रुंद, खाली पातं रुंद, मधात माझी गाठ. मनगटात बांगडी बसावी तशी. असं बांधायचं नसते, जमीन लागली तर पातं वर येणार कसं? पण मी यायले सांगितलंच नाही.

त्याच दिवशी दुपारची वेळ. पिहू झाडाखाली खाटेवर झोपली होती. हे तिच्याकडे पाठ करून एका हातानं बोट ओढायच्या ट्रॉलीचं चाक पाहत होते. मी ती बोट घेऊन निघाली, जिब नीट बसली का पाहायले. काठ माझ्या डाव्या हाताले. जिब चांगली ताणली, बोट पळायले लागली. आता जिब अशी ताणली की तिच्यामागचं काही दिसत नाही. काठ, खाट, सगळं शिडामागं लपलं.

अन् मधातच खाड् झालं.

वळून पाहते तर डावं पातं वर! खोल पाणी होतं तिथं, खाली लागायले काहीच नाही. रडरचं हँडल एकदम जड झालं, मले आवरेना, बोट गर्रकन उजवीकडे, वाऱ्याकडे तोंड करून वळली अन् तिथंच थांबली. जिब फडफड करून बाजूले झाली.

अन् मले काठ दिसला.

पिहू पाण्यात होती. छातीपर्यंत. माझ्याकडे हात करून चालत येत होती, हसत. यायची पाठ तशीच. मी ओरडली, पण शिडाच्या फडफडीत माझा आवाज मलेच ऐकू येईना... अन् पिहू अजून एक पाऊल पुढं आली, पाणी गळ्याशी.

तेवढ्यात यायनं सांगितलेलं आठवलं — बोटीचं नाक वाऱ्यात अडकलं तर जिब उलट्या बाजूनं ओढून धर. धरली. सगळा जोर लावून धरली. नाक हळू... हळू... काठाकडे फिरलं, मंग जिब सोडून डावीकडून ओढली, अन् बोट सरळ काठावर घातली. उजवं पातं जमीन लागून आपोआप उचललं गेलं. डावं तर वरच होतं. पिहूचं डोकं पाण्याखाली गेलं अन् त्याच वेळी मी उडी मारली. कंबरभर पाणी. केस हाताले लागले, मंग फ्रॉक.

खोकलली, ओकली, अन् भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. हे धावत आले, प्लास्टर भिजवत.

मंग मले पातं आठवलं. ते खाली बांधलेलं राहिलं असतं तर बोट वळलीच नसती, मले दिसलंच नसतं. दिसलं असतं तरी उथळात ते रुतून बोट तिथंच अडकली असती. म्हटलं दोरी तुटली असंल. जाऊन पाहते तर दोरी जाळीवर पडलेली, मी बसली होती तिथंच. गोल कडं. गाठ जशीच्या तशी.

"तू बांधलीच नसशील," हे म्हणाले.

"बांधली."

"भाभी, ढीली रही होगी," सरजी म्हणाले.

"मंग घालून दाखवा ना."

सरजींनी खालून घातलं, रुंद पात्यावर अडकलं. वरून तर खोकंच आडवं. साबण लावून पाहिलं, यायनं दात लावून ओढून पाहिलं. नाही गेलं. शेवटी सरजी उठले, हात पुसले अन् "चलो, बच्ची ठीक है" म्हणून ऑफिसात निघून गेले. माणूस बोलवायचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीच बोट काढली. फक्त पिहू आता काठावर नसते, तिच्यापाशी घरी सासूबाई येऊन राहिल्या आहेत.

ते कडं खोलीत खिळ्याले टांगलं आहे. गाठ मी सोडली नाही. कोणाले समजत असंल तर सांगा, मले तर नाही समजलं.

त्या दिवसापासून डावं पातं सकाळी खालीच असते. एकदाही वर नाही दिसलं. म्हणून आता संध्याकाळी जाता जाता मीच ते हातानं वर करून ठेवते. कोणासाठी, माहीत नाही.